म्हेत्र्यांच्या घरची बियर

लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळसणाला माझ्या सासूबाईंनी मला खुणेनं न्हाणीघरात बोलावलं आणि दाराला आतून कडी लावली.

आत दोन घमेल्यांत गरम पाणी होतं आणि त्यात बियरच्या बाटल्या गळ्यापर्यंत बुडवून ठेवल्या होत्या. मामींनी पदर खोचला, मला बसायला पाट दिला आणि तारेची घासणी हातात ठेवली. आमच्याकडे सासूला मामी आणि सासऱ्यांना मामा म्हणतात.

"लेबलं काढायची हायत," त्या म्हणाल्या. "ह्यांची झोप उघडायच्या आत व्हायला पाहिजे."

मी नवा जावई. सकाळीच मला उटणं लावून ओवाळलं होतं, अंगठी घातली होती. आता विचारायचं तर कुठून सुरुवात करायची तेच कळेना, म्हणून मी लेबलं घासायला लागलो. मामी शेजारी बसून त्याच बाटल्यांच्या टोपणांना ब्रशनं तपकिरी ऑइल पेंट लावत होत्या. हात इतका सराईत होता की काचेवर एक थेंब सांडत नव्हता. मग त्यांनी ब्लाउजमधून लेबलांची एक गुंडाळी काढली. त्यावर माझ्या धाकट्या मेव्हणीच्या, गिरिजाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'म्हेत्रे, घरची.' मामींनी ती खळ लावून एकेक चिकटवली.

तेव्हा कुठे मला उलगडा झाला. घरात दिवाळी असो, बारसं असो की कुणाची बढती, मामांच्या हातची बियर म्हणून पाहुणे जी पीत होते ती दुकानातली होती.

मामा, म्हणजे श्रीरंग म्हेत्रे, इचलकरंजीतल्या एका कापड रंगवणाऱ्या कारखान्यात डाइंग मास्टर होते. कारखाना बंद पडल्यावर त्यांनी घरी बियर करायचा छंद लावून घेतला. ज्वारी आणि जव भिजवून मोड आणायचे, स्लॅबवर वाळवायचे, लोखंडी कढईत भाजायचे, भरडून मोठ्या पातेल्यात उकळायचे. मग गाळून निळ्या पिंपात यीस्ट घालून ठेवायचं. पिंपाच्या झाकणातून एक नळी पाण्याच्या बाटलीत सोडलेली असे आणि तिच्यातून दिवसरात्र बुडबुडे येत. मामा त्या बुडबुड्यांपाशी स्टूल टाकून बसत. पुढं ती बियर ते भंगारवाल्याकडून आणलेल्या बाटल्यांत भरत, टोपणं दाबून बसवत आणि सगळी टोपणं एकसारखी दिसावीत म्हणून त्यांना तपकिरी रंग देत, वर गिरिजानं लिहिलेली लेबलं लावत. मामींचं सगळं काम त्या रंगामुळंच सोपं झालं होतं.

गंमत अशी, की मामांना स्वतःची बियर पिता येत नव्हती. पूर्वी एकदा मोठी कावीळ झाली होती, तेव्हापासून डॉक्टरांनी थेंबालाही मनाई केली होती. वास घ्यावा, तर कारखान्यातल्या ब्लीचिंगच्या वाफांनी त्यांचं नाक कधीच गेलं होतं. हिंगाची फोडणी जळाली तरी त्यांना पत्ता लागत नसे. त्यामुळे बियर कशी झालीय हे ते पिणाऱ्यांच्या तोंडाकडे बघून ठरवत. पाहुण्यांना पेले दिले की हात मागं बांधून उभे राहत आणि कापडाच्या तुकड्यावर रंग कसा चढलाय हे उजेडात धरून बघावं तसं एकेकाचं तोंड बघत.

पेले अर्थातच स्टीलचे. काचेचे ग्लास घरात चालणार नाहीत, पोरंबाळं बघतात, असा मामींचा नियम होता. मला तो नियम फार सोवळा वाटायचा. मामांची बियर तांबूस असते आणि दुकानातली पिवळी, काचेतून ते दिसलं असतं, हे न्हाणीघरात बसल्यावर लक्षात आलं.

"आणि मामांनी केलेली कुठं जाते?" मी विचारलं.

"परसात केळीला," मामी म्हणाल्या.

पहिली खेप त्यांनी आपल्या भावाला चाखवली होती. भाऊ परसात जाऊन ओकला आणि म्हणाला, इंदे, हे पाहुण्यांना पाजलंस तर पोलीस येतील. दुसऱ्या दिवशी मामी डोक्यावरून पदर घेऊन, दोन वायरच्या पिशव्या घेऊन एसटीनं जयसिंगपूरला गेल्या. तिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. पुढं तो दुकानदार त्यांना काकू म्हणायला लागला आणि खानावळ कशी चाललीय असं विचारायला लागला. मामी सांगत, बरी चाललीय.

हे पोरींना माहीत नव्हतं. पोरींच्या तोंडावर सगळं दिसतं, असं मामींचं म्हणणं. मी पॉलिटेक्निकात शिकवणारा, वर्गात तोंड कोरं ठेवायची सवय असलेला माणूस, आणि माझ्याकडे गाडी होती. एसटीचा प्रवास त्यांना झेपेनासा झाला होता. मला वाटतं, स्थळ ठरवतानाच त्यांनी गाडीचं बघून ठेवलं असावं.

त्या संध्याकाळी मामांचे जुने सोबती बापू चौगुले आले. बापू कारखान्यात मामांच्या हाताखाली सुपरवायझर होते आणि मामांच्या बियरचे सगळ्यात मोठे जाणकार समजले जात. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, या खेपेला जराशी मधाळ आलीय, पाणी बदललंस का? मामा खुलले. म्हणाले, पाणी तेच आहे, पण ज्वारी दुसऱ्या शेतातली आहे. बापू म्हणाले, तेच म्हणतो मी. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मामी शांतपणे करंज्या तळत होत्या.

अशी आमची वर्षं चालली होती. मी कोल्हापुरातून बाटल्या आणायचो, मामा झोपले की आम्ही दोघं न्हाणीघरात बसायचो. सासू आणि जावयाचं इतकं जमलेलं बघून बायकोला फार बरं वाटायचं.

मग गिरिजाचं लग्न ठरलं. मुलगा गडहिंग्लजचा, खराड्यांचा. लग्न, पूजा, गोंधळ झाला की आमच्याकडे मटणाचं जेवण असतं आणि त्याला व्याही मंडळी येतात. मामांनी व्याह्यांना सुपारी फुटल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, की जेवणाला माझ्या हातची बियर प्यायची. व्याही यशवंतराव खराडे गंभीर प्रकृतीचे, कमी बोलणारे. तेवढ्यात नगरपालिकेची निवडणूक जाहीर झाली आणि जेवणाचा दिवस नेमका दारूची दुकानं बंद असायच्या दिवसांत आला.

मामींनी मामांना सुचवून बघितलं, की यंदा राहू द्या. मामा म्हणाले, आपण विकतोय थोडीच, घरातल्या घरात आहे. त्यांनी आयुष्यातली सगळ्यात मोठी खेप लावली होती, दोन पिंपं भरून. मामींनी मला फोन केला. दुकानं बंद व्हायच्या आधी आणून ठेवा म्हणाल्या.

मी चार क्रेट गाडीत टाकले, वर लग्नाची चादर आणि आहेराच्या साड्या पसरल्या आणि निघालो. पंचगंगेच्या पुलाअलीकडे नाकाबंदी होती. हवालदारानं साड्या बघितल्या आणि साहेबाला हाक मारली. साड्या आणि साड्यांखाली बियर, निवडणुकीच्या दिवसांत. साहेबाच्या दृष्टीनं काही विचारायचं उरलंच नव्हतं. तरी त्यानं विचारलं, कुठल्या उमेदवाराची?

"उमेदवाराची नाही," मी म्हणालो. "सासूबाईंची आहे."

"सासूबाई कुठल्या वॉर्डातनं उभ्या आहेत?"

मी म्हणालो, त्या उभ्या नाहीत. त्यानं विचारलं, मग एवढी कुणाला वाटणार आहेत? आता हे कसं सांगायचं, की ही बियर घरच्या बियरच्या जागी ठेवायची आहे, घरची केळीला ओतायची आहे आणि हे सासऱ्यांना कळता कामा नये? मी सांगून बघितलं. साहेबानं सगळं शांतपणे ऐकलं आणि हवालदाराला म्हणाला, यांचं तोंड हुंगून बघ. शेवटी लग्नाची पत्रिका दाखवल्यावर मला आणि साड्यांना सोडलं, क्रेट ठेवून घेतले. मी सुटलो तेव्हा दुकानांची शटरं पडली होती. आता ती निकालानंतरच उघडणार होती.

मामींना सांगितलं तेव्हा त्या लसूण सोलत होत्या. त्यांनी दोन पाकळ्या आणखी सोलल्या.

"काही पर्याय नाही," मी म्हणालो. "मामांचीच द्यावी लागेल. एक बाटली फोडून चव तरी बघू का?"

"कळून काय करायचंय?" मामी म्हणाल्या. "दुसरी हाय का आपल्यापाशी?"

जेवण दुपारचं होतं. स्लॅबवर मांडव घातला होता. बायकांची पंगत खाली, पुरुषांची वर. तांबडा रस्सा, सुकं मटण, भाकरी. मामांनी ओल्या पोत्याखालून बाटल्या काढल्या, ओपनरनं फोडल्या आणि स्वतःच्या हातानं सगळ्यांचे पेले भरले. पहिला व्याह्यांना, दुसरा बापूंना, तिसरा मला. मग हात मागं बांधून उभे राहिले.

मी पेला ओठाला लावला आणि नुसताच खाली ठेवला. धीर झाला नाही. सगळं लक्ष इतरांकडे होतं.

कुणी ओकलं नाही. बापूंनी घोट घेतला, डोळे मिटले, उघडले, पेल्यात बघितलं. आणखी एक घोट घेतला आणि पेला बाजूला सरकवला.

"श्रीरंगा," बापू म्हणाले, "ही तुझी न्हाई."

मामा हसले. त्यांना वाटलं, थट्टा चाललीय. पण बापूंच्या शेजारच्यानंही मान हलवली, त्याच्या पुढच्यानंही. इतकी वर्षं ती बियर पिणारी सगळी जुनी मंडळी एकमेकांकडे बघत होती. बापूंनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की लगीनघाईत जमलं नसेल, माणूस आहे, होतं असं. पण बाहेरून आणलीस तर तसं सांगायचं. आम्ही काय परके आहोत?

मामा म्हणाले, माझ्याच हातची आहे. बापू म्हणाले, तुझ्या हातची चव मला झोपेत उठवलं तरी कळेल. ही कुणीतरी गावठी करून दिलीय तुला. मामांनी ज्वारी कुठून आणली, कधी भिजवली, पिंपं कुठं ठेवली सगळं सांगितलं. जितकं सांगावं तितके लोक पेल्याकडे बघायला लागले. खोटं बोलणाऱ्या माणसाकडे सरळ बघवत नाही, तसं.

मग व्याही बोलले. "असू द्या म्हेत्रे. बाहेरची तर बाहेरची. आम्ही काही मनात धरणार नाही."

हे ते चांगल्या मनानं म्हणाले, पण मामांचा चेहरा उतरला. नव्या व्याह्यासमोर, मुलीच्या सासरच्या वीस माणसांसमोर ते खोटारडे ठरले होते. त्यांनी हातातला ओपनर खाली ठेवला.

"गिरिजाच्या गळ्याशपथ सांगतो," ते म्हणाले, "ही मी केलीय."

नेमक्या त्याच वेळी मामी भाकऱ्यांची पाटी घेऊन जिन्यातून वर आल्या. त्या थांबल्या. त्यांनी पंगतीकडे बघितलं, मामांकडे बघितलं. पाटी जमिनीवर टेकवली आणि पदर सारखा केला.

"त्यांनीच केलीय," मामी म्हणाल्या. "आजचीच तेवढी त्यांची हाय. आजवरची सगळी दुकानातली हुती."

मग बापू हसायला लागले. म्हणाले, वहिनी, नवऱ्याची बाजू घेताय ते ठीक आहे, पण आम्हाला इतकं खुळं समजू नका. मामींनी रंगाचं सांगितलं, खळीचं सांगितलं, जयसिंगपूरच्या दुकानदाराचं सांगितलं. बापू मानेनंच नाही नाही म्हणत राहिले. शेवटी मामींनी माझ्याकडे बोट केलं.

"जावईबापूंना विचारा."

सगळी पंगत माझ्याकडे वळली. मी म्हणालो, खरं आहे.

बापूंचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "म्हंजे इतकी वर्षं मी काय पीत हुतो?"

मामींनी बियरचं नाव सांगितलं. ती कुठल्याही टपरीमागच्या बारमध्ये मिळणारी, सगळ्यात साधी बियर होती.

"आणि ती मधाळ हुती ती? आणि बारशाच्या वेळची कडक?"

"एकच," मामी म्हणाल्या. "पहिल्यापासनं एकच."

बापू ताटावरून उठले. जिन्यापर्यंत गेले. अजून पांढरा रस्सा यायचा होता. ते परत येऊन बसले.

मामा बापूंकडे बघत नव्हते, मामींकडेही नाही. ते माझ्यासमोर येऊन उकिडवे बसले. मला वाटलं, आता हे मला घराबाहेर काढणार.

"पाव्हणं," ते म्हणाले, "तुम्ही पिता. मला सांगा, कशी लागती?"

मी पेला उचलला आणि चांगला मोठा घोट घेतला. वाईट नव्हती. पण चांगली म्हणावी अशीही नव्हती. मला खोटं सांगायचा कंटाळा आला होता.

"करपलेल्या भाकरीसारखी," मी म्हणालो.

मामांचे डोळे एकदम मोठे झाले. "बरोबर हाय," ते म्हणाले. "ज्वारी मी लालबुंद भाजतो. म्हंजे भाजणं उतरतंय बियरमध्ये. आणि?"

"आणि शेवटी आंबट लागते."

"किती? ताकाएवढी का कैरीएवढी?"

मी पुन्हा घोट घेतला. ताकापेक्षा जास्त, असं सांगितलं. मामा पुढच्या माणसाकडे सरकले. त्यालाही तेच विचारलं. तो म्हणाला, जिभेवर काहीतरी राहतं, कडू. मामांनी विचारलं, पुढं राहतं का मागं? तसे उकिडवे सरकत ते सगळ्या पंगतीपुढून फिरले. आधी लोक बिचकत होते, मग मोकळे झाले आणि शेवटी भांडायला लागले. एक म्हणाला, गुळासारखी आहे. दुसरा म्हणाला, याच्या जिभेला काही कळत नाही, जळकट आहे. व्याह्यांनी पेला पुरता रिकामा केला आणि बऱ्याच विचारानं सांगितलं, की त्यांच्या आजोळी आंबील करायचे, ती दोन दिवस राहिली की अशी लागायची. त्यांना ती आवडायची. मग त्यांनी पेला पुढं केला. बापूंनी मात्र शेवटपर्यंत पाणी घेतलं.

संध्याकाळच्या आत मंडळी गेली. गिरिजा सासरी जायला निघाली तेव्हा रडारड झाली, गाडीच्या मागं दोन पावलं सगळे चालले. मग घर एकदम रिकामं झालं. मी स्लॅबवर पेले गोळा करत होतो. मामा पालथ्या घमेल्यावर बसले होते. मामी वर आल्या आणि चटईवर टेकल्या. मी आहे हे दोघांनाही ठाऊक होतं, तरी ते मी नसल्यासारखं बोलले.

"पहिल्या खेपेलाच सांगायचं हुतंस," मामा म्हणाले.

मामींनी चटईचं दुमडलेलं टोक सरळ केलं.

"कारखाना बंद झाल्यावर तुम्ही खुर्ची भिंतीकडं करून बसला हुता," त्या म्हणाल्या. "दिवाळीपासनं उन्हाळ्यापर्यंत. जेवायला हाक मारली तर कुठली भाजी म्हणून विचारत नव्हता. मग एक दिवस ते पिंप घेऊन आला आणि सकाळी उठून ज्वारी निवडायला बसला." त्यांनी चटईवरचं एक शीत उचलून टाकलं. "भाऊ ओकल्याचं मी सांगितलं असतं, तर खुर्ची परत भिंतीकडं गेली असती."

खालच्या रस्त्यावरून, मतदान करा म्हणून सांगणारी पालिकेची रिक्षा ओरडत गेली. ती लांब जाईपर्यंत मामा थांबले.

"तू कधी चाखलीस?"

"मी? मी कशाला?"

मामा उठले. पोत्याखाली एक बाटली शिल्लक होती, ती फोडून त्यांनी पेला भरला आणि मामींसमोर धरला. मामींनी माझ्याकडे बघितलं. मी पाठ करून पेले मोजल्यासारखं केलं. त्यांनी नाक मुरडून एक घोट घेतला, तोंड आंबट केलं आणि बराच वेळ जीभ टाळूला लावून बसून राहिल्या.

"कडू हाय," त्या म्हणाल्या.

"कशासारखी? कारल्यासारखी?"

"न्हाई. कारलं जिभेला चावतं. ही मेथीसारखी हाय. आधी काय न्हाई आणि मागनं येती."

"मेथी," मामा म्हणाले. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा स्वतःशीच म्हणाले, "मेथी. मग उकळताना येळ जास्त हुतोय."

त्यांनी आणखी एकदा बघायला सांगितलं. मामींनी बघितलं. फेस कसा लागतो, गार असताना कशी आणि कोमट झाल्यावर कशी, घशाखाली उतरताना काय होतं, असं ते विचारत गेले आणि मामी एकेक घोट घेऊन, डोळे बारीक करून, लोणच्यात मीठ बघावं तशा नेटानं सांगत गेल्या. पेल्याचा तळ दिसायला लागला तेव्हा त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि पदर खांद्यावरून घसरला होता. त्यांनी पेला मामांपुढं ठेवला.

"खालनं दुसरी घेऊन या," त्या म्हणाल्या. "एकावरनं नीट सांगता यायचं न्हाई."